कोल्हापुरात नव्यानं आलात? आधी कुठंतरी रतीब लावा

बदली झाली असेल, कॉलेजला नंबर लागला असेल किंवा लग्न होऊन आला असाल. कारण कुठलंही असो, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात तीच यादी पडते: अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, तांबडा-पांढरा, आणि जाताना चप्पल. यादीत काही वाईट नाही, अंबाबाईला तर आधी जावंच. पण ती दोन दिवसांच्या पाहुण्यासाठी केलेली आहे. राहायला आलेल्या माणसाचं तेवढ्यावर भागत नाही.

मी अकरा वर्षांपूर्वी अमरावतीहून नोकरीसाठी इथं आले. सहा महिन्यांत यादीतलं सगळं पाहून झालं. तरी गल्लीतली पोरं कशावरून भांडतात, एप्रिलमध्ये अख्ख्या गल्लीला शिंका का येतात, जुलैत लोक एकमेकांना नुसतं "किती फूट?" असं का विचारतात, यातलं मला काहीच कळत नव्हतं. कळायला लागलं ते दुधामुळं. म्हणून माझा सल्ला एका शब्दात मावतो: रतीब. दुधाचा रतीब लावतो तसा एखाद्या जागेचा रतीब लावायचा. ठरल्या वेळी जायचं, काहीतरी घ्यायचं, जरा थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. महिन्याभरात तिथली माणसं तुमच्यासमोर एरवीसारखी बोलायला लागतात. मग जे दिसतं ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं.

खाली मी क्रमानं सांगते. क्रम शक्यतो मोडू नका, कारण एका जागेची ओळख पुढच्या जागी उपयोगी पडते.

पहिली पायरी: आपली तिकटी शोधा

कोल्हापुरात पत्ता सांगताना रस्त्याचं नाव क्वचित येतं. तिकटी येते, वेस येते, चौक येतो. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, माळकर तिकटी, गंगावेश, रंकाळावेश, बिंदू चौक, खरी कॉर्नर, उभा मारुती चौक एवढी नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा. राजारामपुरीत राहत असाल तर गल्लीचा आकडा सांगितला की पुरतं. जुन्या गावात मात्र पेठ विचारतात. शिवाजी पेठ की मंगळवार पेठ, या प्रश्नात नुसता पत्ता नसतो. तुमचं गणित कुठल्या तालमीशी जुळतं, हेही त्यात आलं. त्याबद्दल पुढं सांगते.

मोबाईलवरचा नकाशा आठवडाभर खिशात ठेवा आणि माणसांना विचारा. कोल्हापूरकर वाट सांगताना थांबतात, हात लांब करून दाखवतात, बरेचदा चार पावलं सोबतही येतात. पहिल्या ओळखी अशाच होतात.

दुसरी पायरी: दूध कट्टा

संध्याकाळी सातच्या पुढं गंगावेशीत जा. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या दिसतील. मालक उकिडवा बसतो, कास धुतो, ओल्या हातानं सड चोळतो. म्हशीला पान्हा फुटेपर्यंत कुणी घाई करत नाही. मग धार सुरू होते. रिकाम्या भांड्यावर आधी ती टणटण वाजते, भांडं भरत जातं तसा आवाज खाली उतरतो, आणि फेस वर आला की नुसती सर्रसर्र ऐकू येते. तो फेसासकट पेला तुमच्या हातात येतो. दूध कोमट असतं, म्हशीच्या अंगाइतकंच. उभ्यानं प्यायचं, ओठांवरचा फेस पुसायचा, पेला परत द्यायचा, पैसे द्यायचे. हे धारोष्ण दूध.

एक सांगून ठेवते. कच्चं दूध सगळ्यांना मानवत नाही. लहान मूल असेल, घरात कुणाला दिवस गेले असतील किंवा पोट नाजूक असेल तर दूध घरी न्या आणि तापवून प्या. कट्ट्यावर त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

खरी मजा पेला रिकामा झाल्यावर आहे. लगेच निघू नका. जोर-बैठका मारून आलेली तालमीतली पोरं असतात, नातवाला बोटाला धरून आलेले आजोबा असतात, दुकान बंद करून घरी निघालेले व्यापारी असतात. कुणाची म्हैस किती दुधाची, वैरण किती महागली, कालची कुस्ती कोणी मारली, असं बोलणं चाललेलं असतं. पहिला आठवडा तुम्ही नुसतं ऐका. दुसऱ्या आठवड्यात म्हशीचं नाव विचारा. मालकाला म्हशीबद्दल विचारलेलं आवडतं, आणि तो आपल्याबद्दल विचारलेल्या प्रश्नापेक्षा याचं उत्तर लांब देतो. तुमचं येणं दिवाळीच्या आसपास झालं तर पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवताना बघा. मालकाच्या गाडीमागं म्हैस धावते, ती दोरीशिवाय, नुसत्या त्याच्या हाकेवर. वर्षभर तिला हातानं चारलेलं असतं, त्याची ही पावती.

तिसरी पायरी: कान तयार करा

पहिल्यांदा इथली बोली अंगावर आल्यासारखी वाटते. आवाज चढा, शब्द तुटक, त्यात "भावा". माझ्या पहिल्या रिक्षावाल्यानं "कुठं जायचं सांगा की!" म्हटलं तेव्हा तो रागावला आहे असंच मला वाटलं. तो अगत्यानं विचारत होता. वाक्याच्या शेवटी येणारा "की" इथं आग्रहाचा असतो. बसा की, घ्या की, या की घरला.

आदरासाठी क्रियापदाला "सा" लागतो. "जेवलासा काय?", "कवा आलासा?" असं कुणी विचारलं की समजा तुम्हाला मान दिलाय. आणि बायकांचं बोलणं नीट ऐका. "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो बाजारला" असं कोल्हापूरच्या बायका सहज म्हणतात. बाहेरून आलेली माणसं याला चूक समजून सुधारायला जातात. कृपा करून तसं करू नका. ती इथल्या मराठीची रीत आहे आणि मोठी सुंदर आहे. तुम्ही लगेच तसं बोलायला जाऊ नका, नक्कल वाटते. आपली बोली बोला. मी आजही वऱ्हाडी वळणानंच बोलते आणि लोक हौसेनं ऐकतात.

चौथी पायरी: चहा, आणि त्यामागची गोष्ट

ऑफिसजवळची एक चहाची गाडी धरा आणि बदलू नका. एवढीच कृती आहे. पण कोल्हापुरात चहा पिताना एक गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

गंगाराम कांबळे हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, त्याचं नाव सत्यसुधारक. तिथं सवर्ण गिऱ्हाईक कसं येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचे. छत्रपतींनी चहा घेतल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहत नसे. याच राजानं २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या.

ही गोष्ट इथं पुस्तकात बंद नाही. दसरा चौकाच्या परिसरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी त्या काळी निघालेल्या बोर्डिंगच्या वास्तू आहेत, त्यांच्यावरून रोज बस जाते. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत. ते डिसेंबर १९५० मध्ये बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आणि ६ मे २०२२ ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता हे शहर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. मी तेव्हा भाजी घेत होते. भाजीवाल्या मावशींनी तराजू खाली ठेवला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. चौकातल्या गाड्या बंद झाल्या. मावशी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण महाराजांसाठी का थांबायचं ते त्यांना सांगावं लागलं नव्हतं.

पाचवी पायरी: रविवार

रविवारी सकाळी मिसळ. कुठली चांगली यावर मी बोलणार नाही, त्यावर घराघरात वाद आहेत. तुमच्या गल्लीतल्या माणसाला विचारा आणि तो सांगेल तिथंच पहिल्यांदा जा, म्हणजे नंतर त्याच्याशी बोलायला विषय मिळतो. इथं मिसळीसोबत पावाऐवजी बहुतेक स्लाइस ब्रेड येतो आणि वरून घ्यायच्या रश्श्याला कट म्हणतात. कट मागून घ्यायचा असतो.

मिसळीनंतर मटणाच्या दुकानाकडं एक चक्कर मारा, शाकाहारी असाल तरी लांबून बघा. पिशवी घेऊन रांगेत उभे असलेले वडील आणि मुलगे दिसतील. कुठला तुकडा पाहिजे हे मुलगा इथंच शिकतो. मटण इथं किती जिव्हाळ्याचं आहे हे २०१९ च्या अखेरीला दिसलं. दर वाढले म्हणून पेठांमधले लोक एकत्र आले, आंदोलन झालं, बैठका झाल्या. बाहेरच्यांना नवल वाटलं, इथल्यांना त्यात नवल नव्हतं. रविवारचं मटण हा घराचा सण आहे, तो गरिबाच्या घरातून जाऊ नये म्हणून लोक भांडले.

तांबडा-पांढरा हॉटेलात मिळतो, पण कुणी घरी बोलावेपर्यंत थांबता आलं तर थांबा. घरच्या पांढऱ्या रश्श्यात मटण शिजलेल्या अळणी पाण्याला नारळाचं दूध लावतात, खडा मसाला असतो, लाल तिखटाचा कणही नसतो. तो वाटीनं पितात. तांबड्याची सगळी जान चटणीत. त्या चटणीसाठी पुढची पायरी.

सहावी पायरी: डंकावर जा

आमच्याकडं चटणी म्हणजे जवसाची, शेंगदाण्याची, पोळीशी खायची. इथं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, कांदा-लसूण चटणी. तीच भाजीत, तीच आमटीत, तीच मटणात. पहिल्या महिन्यात मला हा फरक माहीत नव्हता. शेजारच्या काकींनी वाटी दिली आणि मी ती तशीच पोळीला लावली. त्या संध्याकाळी काकींनी मला समोर बसवून सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "उन्हाळ्यात माझ्यासंगं डंकावर ये."

मार्च ते मे हा हंगाम. आधी बाजारातून मिरची येते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा जवारी. कुणाच्या घरात कुठली किती, हे त्या घराचं प्रमाण, आणि ते सासूकडून सुनेकडं जातं. गच्चीवर मिरची वाळते, बायका बसून देठ खुडतात. कांदा उभा चिरून उन्हात सुकवतात आणि तळतात. खोबरं, तीळ, धने, जिरे, खसखस, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल, हळकुंड हे सगळं वेगवेगळं तेलावर परततात. एकत्र परतलं की खसखस करपते आणि हळकुंड कच्चं राहतं.

हे सगळं डब्यांत भरून डंकावर, म्हणजे मिरची कांडपाच्या गिरणीत. लोखंडी मुसळं एकामागं एक वर जातात आणि खाली आदळतात. बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. बायका नाकाला पदर बांधून नंबर लावून बसलेल्या असतात, मधूनच कुणाला तरी ठसका लागतो आणि मग सगळ्यांनाच लागतो. मिरची आणि खडा मसाला आधी कुटला जातो, कांदा आणि लसूण शेवटी पडतो. त्या क्षणी वास बदलतो. कोरडा, नाकात घुसणारा वास एकदम गोडसर, तेलकट होतो आणि भुकटी मुठीत धरली तर गोळा होईल इतकी ओलसर होते. काकी चिमूटभर तळहातावर घेऊन जिभेला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "मीठ घाल अजून."

त्या दोन तासांत मी गल्लीबद्दल जेवढं ऐकलं तेवढं आधीच्या सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं. कुणाची मुलगी बाळंतपणाला आली, कुणाचा मुलगा पुण्याला गेला आणि त्याला किती किलो पाठवायची, कुणाच्या घरात यंदा माणूस कमी झालं म्हणून मिरची कमी घेतली. प्रत्येक डब्यावर एक घर होतं.

डंकावर जाताना तीन गोष्टी सांभाळा. जुने कपडे घाला, डोळ्यांना हात लावू नका, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. दोन किलोची का होईना, आपली चटणी करायला घ्या. बघायला आलेल्या बाईला तिथं बसायला जागा मिळते, पण नंबर लावलेल्या बाईशी बोलणं होतं. घरी आल्यावर चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचा खडा ठेवा.

सातवी पायरी: तालीम आणि फुटबॉल

तालीम म्हणजे नुसता आखाडा असं मी समजत होते. आखाडा आहेच. कुस्तीसाठी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे. पण पेठेतली तालीम त्याहून जास्त काही असते. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, पुरात बोट घेऊन निघणारी पोरं तिची, भांडण मिटवायला बसणारी जाणती माणसंही तिचीच.

काही तालमींत मोहरमचे पंजेही (हाताच्या पंजाच्या आकाराची निशाणं) बसतात आणि पंजांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं असतात. काळा इमाम तालीम, बाबूजमाल तालीम ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. २०१८ आणि २०१९ ला गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले तेव्हा काही ठिकाणी गणपती आणि पंजे एकाच छताखाली होते. कुणी मुद्दाम दाखवायला ते केलं नव्हतं, जागा पूर्वीपासून तीच होती.

आत जायचं तर आधी विचारा, चप्पल बाहेर काढा, मातीत पाय ठेवू नका. बायकांनी बहुतेक जुन्या तालमींत आखाड्याच्या मातीपर्यंत जायची पद्धत नाही. मला ते खटकतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं आहे. पण बाहेरच्या कट्ट्यावर बसायला, वर्गणी द्यायला, गणपतीच्या कामाला हात लावायला कुणी अडवत नाही. सुरुवात तिथून करा. कॅमेरा पहिल्या महिन्यात बाहेर काढू नका.

फुटबॉल मात्र सगळ्यांसाठी खुला आहे. थंडीत हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर जा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस हे संघ म्हणजे पेठा आणि गल्ल्याच. २०१७ ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तिकीट काढा आणि बसण्याआधी बाजूच्याला विचारा, "ही बाजू कुणाची?" चुकीच्या बाजूला बसून टाळी वाजवू नका. पहिल्या सामन्याला कुणा ओळखीच्याबरोबर गेलात तर उत्तम. दुधाच्या कट्ट्यावर ती ओळख झालेली असेलच.

आठवी पायरी: पाऊस

आषाढात नदीला नवं, तांबडं पाणी येतं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या पाण्याच्या कळशा घेऊन पेठापेठांतून बायका-मुली टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली देवीला जातात. पुढं पिपाणी आणि ढोल. त्या आवाजाला इथं "पी-ढबाक" म्हणतात, आणि लहान पोरंही तो तोंडानं काढतात. तुमच्या गल्लीतून मिरवणूक निघाली तर दारात उभं राहून कळशी घेतलेल्या मुलीच्या पायावर पाणी घाला. कुणी शिकवत नाही, शेजारणीचं बघून करा.

आणि मग तो "किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जुलैत हा आकडा दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो, सोबत राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले याचा हिशेब. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. म्हणून भाड्यानं घर घेताना मालकाला आणि शेजाऱ्यालाही एकच विचारा: "एकोणीसला इथं पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्या हाताच्या उंचीवर तुम्ही कपाट कुठं ठेवायचं ते ठरवा.

जमलं तर: गुऱ्हाळ

दिवाळीनंतर, ऊस तुटायला लागला की कुणातरी ओळखीच्याच्या गावी गुऱ्हाळावर जा. चुलवणावर, म्हणजे मोठ्या चुलीवर, काहील ही पसरट कढई चढलेली असते, रानभेंडीचं पाणी घालून रसावरची मळी काढतात, आणि गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या नुसत्या नजरेनं ठरवतो. तो उतरवत असताना त्याच्याशी बोलू नका. नंतर रस, काकवी, गरम गूळ सगळं हातावर येतं. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. पैसे पुढं करू नका, वाईट वाटतं. गूळ विकत घ्यायचा असेल तर ढेपेचा भाव विचारून घ्या.

शेवटी डबा

यातलं थोडं जरी केलंत तरी दोन-तीन महिन्यांत तुमच्या दारात एक डबा येईल. पुरणपोळी असेल, नाहीतर रविवारचा पांढरा. तो डबा रिकामा परत करू नका आणि त्यात दुकानातली मिठाईही घालू नका. आपल्या गावचं काहीतरी करून घाला. मी काकींच्या डब्यात सांबारवडी भरून दिली. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर, हे ऐकून त्या पोट धरून हसल्या आणि वडीला त्यांनी "कोथिंबिरीची पुडी" असं आपलं नाव ठेवलं. गेल्या गौरीच्या जागरणाला झिम्मा खेळून दमल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं. "पुडी आणलीस काय?" मी आणली होती, चाळीस. पहाटेपर्यंत एकही उरली नाही.